विमान अपघातांचा विषय निघाला की १९८५ सालाचं नाव का घेतात?

कारण त्या वर्षी अपघातांची रांगच लागली. २३ जूनला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ बॉम्बने फुटलं, ३२९ जण गेले. बॅग विमानात चढली, मालक चढलाच नाही. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, चेक-इन करून कुणी गायब झालं की त्याची बॅग शोधून उतरवतात आणि आपण वैतागतो ना, ते त्यामुळेच.

पण मला विचाराल तर खरा अभ्यासाचा अपघात जपानचा. १२ ऑगस्ट, बोइंग ७४७, ५२० मृत्यू, वाचल्या फक्त चौघी. सात वर्षांपूर्वी त्या विमानाचं शेपूट धावपट्टीला घासलं होतं. दुरुस्तीत मागच्या प्रेशर भिंतीच्या (केबिनमधला हवेचा दाब रोखून धरणाऱ्या भिंतीच्या) जोडाला सलग पट्टी हवी होती. ती तुकड्यांत बसवली आणि एका जागी रिव्हेटच्या एकाच ओळीवर भार आला. शेवटी भिंत फाटली, शेपटाचा उभा भाग उडाला, हायड्रॉलिकच्या (तेलाच्या दाबाने विमानाची नियंत्रणं हलवणाऱ्या) चारही लाइनी रिकाम्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना यापुढचं सांगायला नको. तरी नुसती इंजिनं कमी-जास्त करत पायलटांनी अर्धा तास विमान हवेत ठेवलं!

दहाच दिवसांनी मँचेस्टरला विमान उडण्याआधीच धावपट्टीवर पेटलं, ५५ गेले, बहुतेक धुराने. डिसेंबरात कॅनडात गँडरला आणखी २५६.