केबल टाकणाऱ्या जहाजांचा बाजार वाढतो आहे, पण मुलाने शिकावे काय?

प्रश्न : माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. समुद्राखाली केबल टाकणाऱ्या जहाजांची बाजारपेठ झपाट्याने वाढणार असे वाचून त्याने याच क्षेत्रात जायचे ठरवले आहे. त्याने कोणता अभ्यासक्रम घ्यावा? – एक पालक, रत्नागिरी

स. न. वि. वि.

आपल्या मुलाने वाचलेली वाढ खरी आहे. देशादेशांतील इंटरनेटची जवळजवळ सगळी वाहतूक समुद्रतळावरील फायबर केबलमधून होते, आणि मेटाने 2025 मध्ये जाहीर केलेला, भारतालाही जोडणारा वॉटरवर्थ केबल प्रकल्प 50,000 किलोमीटरहून लांब आहे. विजेच्या केबलची मागणी तर त्याहून ठळकपणे दिसते : ब्रिटन व डेन्मार्क यांना जोडणारी 765 किलोमीटरची व्हायकिंग लिंक ही वीजवाहिनी 2023 च्या अखेरीस सुरू झाली आणि प्रिस्मियन या केबल कंपनीने 2021 मध्ये ‘लिओनार्दो दा विंची’ हे केबल टाकणारे अवाढव्य जहाज ताफ्यात आणल्यावर चारच वर्षांत ‘मोना लिसा’ हे दुसरेही आणले.

मात्र बाजार वाढला म्हणजे त्याच प्रमाणात नोकऱ्या वाढतील, असे मानू नये. दूरसंचार केबलची जहाजे जगभरात मिळून साठच्या आसपासच आहेत आणि त्यांतील बरीच जुनी आहेत, त्यामुळे येणारी काही नवी जहाजे केवळ जुन्यांची जागा घेतील. शिवाय नव्या केबलचे काम कंत्राटांवर चालते. ऑर्स्टेड या डॅनिश ऊर्जा कंपनीने 2023 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीजवळचे समुद्रातील दोन पवनऊर्जा प्रकल्प रद्द केले, तसे घडले की जहाजांची मागणीही डळमळते. दुरुस्तीचे काम त्या मानाने टिकाऊ असते, कारण मासेमारीची जाळी व जहाजांचे नांगर यांमुळे जगात दरवर्षी दीडशे ते दोनशे बिघाड होतच राहतात. भारतीय ध्वजाच्या केबल जहाजांचा अभ्यास व्हावा, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2023 मध्ये केली होती, परंतु शिफारस म्हणजे नोकरभरती नव्हे.

म्हणून बारावीनंतर लगेच ‘केबल जहाजाचा कोर्स’ शोधू नये, आणि कोणी तो विकू लागल्यास सावध राहावे. आयएमयू-सीईटी ही भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन नॉटिकल सायन्स (जहाज चालवण्याचे शास्त्र) किंवा मरीन इंजिनिअरिंग घ्यावे. अधिकारी झाल्यावर, जहाज इंजिनांच्या बळावर एका जागी अचूक स्थिर ठेवण्याचे डीपी (डायनॅमिक पोझिशनिंग) प्रशिक्षण घेतले, की केबलच्याच नव्हे, तर तेलक्षेत्रातील जहाजांचीही दारे उघडतात. माझा कल मात्र तिसऱ्या वाटेकडे आहे : इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्समधील पदवी आणि त्यानंतर ईटीओ, म्हणजे जहाजावरील विद्युत-तांत्रिक अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम. केबलची चाचणी, जोडणी आणि बिघाडाची जागा शोधणे ही कामे याच ज्ञानाशी जवळची आहेत, आणि समुद्र मानवला नाही तरी किनाऱ्यावर पदवी उपयोगी पडते.

फी भरण्यापूर्वी नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून मुलाची दृष्टी, विशेषतः रंगओळख, तपासून घ्यावी. रंगांधळेपणा निघाल्यास या वाटा बहुधा बंद होतात. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नये, आणि भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी-अधिकारी भरतीचा परवाना आहे की नाही, हे महासंचालनालयाच्या यादीत पाहावे.