लाल बटण दाबूनही मोटर बंद होत नाही, तेव्हा

प्रश्न : आमच्या बोअरवेलवर साडेसात अश्वशक्तीची थ्री-फेज सबमर्सिबल मोटर असून तिला डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) स्टार्टर आणि वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच आहे. वीज आली की स्टार्टर बराच वेळ खडखडतो. गेल्या आठवड्यात लाल बटण दाबूनही मोटर थांबेना, शेवटी चालू मोटरचे फ्यूज ओढून काढावे लागले. मेकॅनिकने पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घासून दिले आणि मोठा कॉन्टॅक्टर (हे पॉइंट चुंबकाने जोडणारा स्टार्टरमधला मुख्य स्विच) बसवायला सांगितले. तसे करावे का?
— एक शेतकरी वाचक, बार्शी तालुका

उत्तर : नुसता मोठा कॉन्टॅक्टर बसवून भागणार नाही, आधी तो का खडखडतो, हे शोधायला हवे. ही मोटर पूर्ण भारावर साधारण ११ ते १४ अँपिअर घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि त्यामुळे आधीच कमी असलेले व्होल्टेज आणखी खाली येते. कॉन्टॅक्टरची ४१५ व्होल्टची कॉइल साधारण ३५३ व्होल्टपर्यंत, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत, चुंबक खात्रीने ओढते. व्होल्टेज त्याच्या बरेच खाली गेले की चुंबक सुटतो, भार जाताच व्होल्टेज वाढून तो पुन्हा ओढला जातो, आणि दर वेळी उडणाऱ्या ठिणगीने पॉइंटवरची चांदीमिश्रित टिकली वितळून पॉइंट चिकटतात.

लाल बटण फक्त कॉइलचा पुरवठा तोडते. जादा प्रवाह झाल्यास मोटर थांबवणारा ओव्हरलोड रिले आणि एखादा फेज गेल्यास थांबवणारा सिंगल फेज प्रिव्हेंटरही तेवढेच करतात. त्यामुळे पॉइंट चिकटले की मोटरचे सगळे संरक्षण एकाच वेळी निकामी होते. मोटर चालूच राहिली, म्हणजे किमान दोन पॉइंट चिकटले होते. दोनच असते, तर ती दोन फेजवर चालून जळण्याचा मोठा धोका होता. चालू मोटरचे फ्यूज हाताने ओढणे तर जिवावर बेतू शकते, ते कृपया पुन्हा करू नका. स्टार्टरच्या आधी योग्य क्षमतेचा एमसीसीबी (हाताने बंद करता येणारा सर्किट ब्रेकर) बसवून घ्या.

पॉइंट घासू नयेत. काळे पडणे स्वाभाविक आहे, आणि घासल्याने चांदीच झिजते. एकदा चिकटलेला संच तिन्ही फेजचा, स्प्रिंगांसह बदलावा. नवा कॉन्टॅक्टर घेतलाच, तर त्यावरचा एसी-३ या वर्गाचा अँपिअरचा आकडा पाहा, कारण मोटरसाठी तोच लागू पडतो. हीटरसारख्या भारासाठीचा एसी-१ आकडा मोठा असतो आणि घेणारा तिथेच फसतो.

मोटर सुरू होताना वायरमनकडून कॉइलच्या टोकांवर व्होल्टेज मोजून घ्या. ते पुरेसे असूनही खडखड होत असेल, तर चुंबकाच्या तोंडावरची धूळ, मुंग्या किंवा त्यातली तुटलेली तांब्याची कडी हे कारण असू शकते. मात्र व्होल्टेज कमी भरले, तर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) स्टार्टरपर्यंतची वायर बारीक किंवा जोड सैल आहेत का, ते तपासा. आणि त्याच डीपीवरच्या शेजाऱ्यांशी बोला : वीज येताच सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम मोटरी सुरू करतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या ऑटोचा टायमर अर्ध्या-एक मिनिटाच्या फरकाने लावावा.