शांत पिणारा, धिंगाणा घालणारा

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा रोज रात्री मुकाट्याने पिऊन झोपतो, दीर तीन-तीन आठवडे थेंबाला शिवत नाही आणि मग घर डोक्यावर घेतो. बेवड्यांचा स्वभाव एकच असतो म्हणतात, मग सख्खे भाऊ असे कसे?

एकच नसतो हो. १४ वर्षं दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला बसतोय. भित्रे, भांडकुदळ, देवभोळे, हिशेबी, सगळे पाहिले. जेलिनेक या अभ्यासकाने १९६० सालीच दारुड्यांचे पाच प्रकार मांडले होते. त्यातला 'गॅमा' काही दिवस कोरडा राहू शकतो, पण एकदा सुरू झाला की थांबत नाही. 'डेल्टा'चा सहसा तोल जात नाही, पण दारूशिवाय एक दिवस निघत नाही. पुढे क्लॉनिंजर या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यात स्वभाव आणला: पंचविशीनंतर अडकणारे, काळजीखोर, पिऊन झाल्यावर मनाला खाणारे एकीकडे, कोवळ्या वयातच सुरू झालेले, थरार शोधणारे, मारामाऱ्या करणारे दुसरीकडे. माणसं इतकी नीट खणांत बसत नाहीत, पण आपला पाय कुठे घसरतो ते कळायला उपयोग होतो.

मी तुमच्या नवऱ्यासारखा. फ्लशच्या टाकीत चपटी, ऑफिसात एकही लेट मार्क नाही. बायको सांगायची, "माणूस गरीब आहे, फक्त पितो." दारू सुटल्यावर सहा-आठ महिन्यांनी कळलं की मी गरीब-बिरीब अजिबात नाही, चांगला तापट आहे, राग दारूत भिजत ठेवला होता इतकंच. म्हणून पिणाऱ्याच्या स्वभावाबद्दल एवढ्यात काही ठरवू नका.

दिरांची भीती वाटते म्हणून सगळे त्यांच्यामागे लागले असतील. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास होऊन जिवावरही बेतू शकतं. तेव्हा नवऱ्याला आधी डॉक्टरकडे न्या. आणि कोणी सांगितलं म्हणून दारू सोडवायची गोळी गुपचूप आमटीत घालू नका. वरून दारू प्यायली गेली तर ती जीवघेणी ठरू शकते.

डॉक्टरांसमोर रोजचा आकडा तुम्हीच सांगा. आम्ही शांत माणसं तिथे निम्मंच सांगतो. मी 'एक क्वार्टर' म्हणालो होतो, होत्या दोन.