पॅरिस मोठं, की मोजणी चुकलेली?

प्रश्न : फ्रान्समधल्या शहरांच्या संशोधन-सहकार्यावर प्रबंध करते आहे. शोधनिबंधांवरच्या लेखकांच्या पत्त्यांवरून तक्ता केला, तर जवळजवळ प्रत्येक शहराचे सर्वांत जास्त सामाईक निबंध पॅरिसबरोबरच निघतात. हे खरं वर्चस्व की माझी चूक?

उत्तर : दोन्ही असू शकतं. आधी पत्ते तपासा, घोळ बहुधा तिथेच असतो. फ्रेंच पिनकोड पाच आकडी, पहिले दोन आकडे जिल्ह्याचे. एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं. नीसजवळच्या सोफिया अँटिपोलिसचा ०६५६० उघडला की ६५६० होतो, आणि पहिले दोन आकडे उचलले की ६५, म्हणजे पार पिरेनीजमधल्या तार्बचा जिल्हा! त्यामुळे फाइल आत घेतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर करून गेलेलं शून्य परत येत नाही.

संस्थेच्या नावावरून शहर ठरवू नका. सीएनआरएस या फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचं मुख्यालय पॅरिसात, प्रयोगशाळा मात्र देशभर. ग्रनोबलचं काम अशाने पॅरिसच्या खात्यात पडतं. उलट, नुसता ७५ (खुद्द पॅरिस) धरलात तर पॅरिसजवळची ऑर्से, पॅलेझो (९१) सुटतात. राजधानीचा प्रदेश म्हणजे ७५, ७७, ७८ आणि ९१ ते ९५, असे आठ जिल्हे.

प्रांतवार मोजत असाल तर २०१६ सांभाळा. त्या वर्षी मुख्य भूमी आणि कॉर्सिका मिळून असलेल्या २२ प्रांतांचे १३ झाले. तुलूझ आणि मोंपेलिए एकाच प्रांतात आले नि त्यांचं सहकार्य प्रांताच्या आतलं ठरून दोन प्रांतांमधल्या तक्त्यातून ‘गायब’ झालं. सगळ्या वर्षांना एकच नकाशा लावा.

सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्यासारख्या प्रचंड प्रयोगांचे निबंध वेगळे काढा. २०१५ च्या एका निबंधावर ५,१५४ लेखक होते. एका निबंधात ४० शहरं आली की ७८० जोड्या तयार होतात. गणित दोनदा करा, ते निबंध धरून आणि वगळून.

प्रश्न : सॉल्टन निर्देशांक (शहरांचा आकार लक्षात घेऊन सहकार्य मोजणारा आकडा) लावला की आकाराचा प्रश्न मिटतो ना?

उत्तर : पूर्ण नाही. समजा (आकडे काल्पनिक), पॅरिस १०,००० निबंध, ग्रनोबल २,५००, लियों १,६००. पॅरिस–ग्रनोबल सामाईक ५००, ग्रनोबल–लियों ३००. सामाईक संख्येला दोन्हींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा : ५००/५,००० = ०.१०; ३००/२,००० = ०.१५. इथे लियों जवळचं ठरतं. पण ग्रनोबलच्या एकूण कामात पॅरिसचा वाटा २० टक्के, लियोंचा १२. आणि पॅरिसच्या कामात ग्रनोबल? फक्त ५ टक्के. वर्चस्व दिसतं ते या २० आणि ५ मधल्या तफावतीत, आणि सॉल्टन नेमकी तीच पुसून टाकतो, कारण तो दोन्ही बाजूंना एकच आकडा देतो. म्हणून दोन्ही वाटे वेगळे छापा.

शेवटी ग्रनोबल–तुलूझसारखी जोडी घ्या आणि त्यांच्या सामाईक निबंधांपैकी किती निबंधांवर पॅरिसचाही पत्ता आहे ते मोजा. ते वगळल्यावर हाती फारसं उरलं नाही, तर ही दोन शहरं एकमेकांना पॅरिसमार्गेच भेटतायत.