ताईंची संध्याकाळ तोडू नका

प्रश्न : माझा पुतण्या यवतमाळ जिल्ह्यात दहावीला आहे. दीड वर्षापूर्वी माझ्या धाकट्या भावाने कर्जापायी आत्महत्या केली. पोरगा तेव्हापासून एकदाही रडला नाही, चांगला सावरला आहे. पण टक्के ८२ वरून ६१ वर आले. शाळा सुटली की तो गावातल्या अभ्यासिकेत एका ताईंकडे जातो. तिथे अभ्यास तासभरच, बाकी व्हॉलीबॉल आणि गप्पा. एक दिवस गेला नाही तर ताई घरी विचारायला येतात. हे बंद करून त्याला लातूरला नीटच्या तयारीला ठेवावं म्हणतो. ‘आता घरातला कर्ता तूच’ असं त्याला रोज बजावतो. बरोबर ना?

उत्तर : काका, ते शेवटचं वाक्य आजपासून बंद करा. पंधरा वर्षांच्या पोराला ‘कर्ता तूच’ म्हटलं की त्याला एवढंच कळतं : रडायचं नाही, चुकायचं नाही, आईला काही सांगायचं नाही. तो रडला नाही याचं तुम्हाला समाधान वाटतं, मला त्याचीच धास्ती वाटते. भाऊ तुमचाही गेला आहे आणि दोन घरं तुम्ही ओढताय, हे पत्रात दिसतं. तरी त्यातला वाटा या पोराच्या डोक्यावर देऊ नका.

टक्के व्हॉलीबॉलमुळे उतरले हा तुमचा गैरसमज आहे. घरात असा मृत्यू झाला की मुलाची झोप उडते, वाचलेलं ध्यानात राहत नाही, वर्गात बसूनही ‘घरी आता काय झालं असेल’ हेच डोक्यात चालू असतं. कौआई या हवाईतल्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं कर्तबगार आणि मायाळू माणसं झाली. त्यांच्या पाठीशी घरातलं किंवा बाहेरचं, निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. तुमच्या पुतण्याला ते माणूस सापडलं आहे. न आलेल्या पोराची चौकशी करायला घरी येणारी बाई गावात किती जणांना मिळते? अशी साथ काही महिन्यांतच तुटली तर मुलं उलट मागे जातात, असंही अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. तुम्ही नेमकं तेच करायला निघालात, तेही बाप गेलेल्या पोराला परक्या गावी खोलीत ठेवून.

नीट, पॉलिटेक्निक, आयटीआय हे सगळं दहावीनंतरचं. तेव्हा त्यालाच विचारा.

आता कामाचं. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, दरमहा अनुदान मिळतं. वहिनींना घेऊन जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. ताईंना भेटा आणि दहावीचं वर्षभर त्या गावात असतील का ते विचारा. गणिताचा एक तास वाढवता येईल का तेही बोला. मात्र ताई म्हणजे डॉक्टर नव्हेत. पोरगा रात्र-रात्र जागत असेल, जेवत नसेल किंवा मरणाचं बोलत असेल, तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीच्या, क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तरी हाच क्रमांक लावा.