वाचकांचे प्रश्न : व्हीलचेअरसकट व्हॅनमध्ये

प्रश्न : आमच्याकडे जुनी सात आसनी पेट्रोल व्हॅन आहे. वडिलांना (वजन ७४ किलो) व्हीलचेअरवरून उचलून सीटवर बसवणं आता जमत नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, मागची सीट काढू, डिकीला दीड मीटरचा रॅम्प लावू, खुर्ची पट्ट्याने सीटला बांधू. डिकीजवळ फरशी जमिनीपासून ६० सेंटिमीटर आहे. चालेल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : रॅम्पच्या आधी टेप घ्या. वडील खुर्चीत नेहमीच्या उशीवर बसलेले असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजा; मोठ्या माणसाची ही उंची बहुधा १३० ते १४० सेंमी भरते. मग डिकीच्या दाराची मोकळी उंची आणि आत फरशीपासून छताच्या अस्तरापर्यंतची उंची वेगवेगळी मोजा. लहान व्हॅनचं गाडं इथेच अडतं. दारातून मान वाकवून आत जाता येईलही, पण आत डोक्यावर निदान ५ सेंमी जागा नसेल तर पहिल्याच खड्ड्यात टाळू छताला लागेल. फरशी खाली घेणं हा उपाय तुमच्या गाडीत बहुतेक नाहीच : इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो अशा व्हॅनच्या पोटाखालून प्रॉपेलर शाफ्ट (हा जोर मागे नेणारा फिरता दांडा) जातो आणि मागे डिफरन्शियल (तो दोन्ही चाकांना वाटणारी गिअरपेटी) असतो. उंची बसत नसेल तर या गाडीवर पैसे घालू नका, उंच छताची जुनी फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर बघा.

उंची बसली तर रॅम्प. ६० सेंमीला दीड मीटर म्हणजे जवळपास २४ अंशांचा चढ. वडील आणि १८ किलोची खुर्ची मिळून ९२ किलो. ढकलायला सुमारे ३७ किलोचा जोर, आणि मध्येच हात निसटला तर खुर्ची थेट तुमच्या अंगावर. अडीच मीटरचा रॅम्प केला तर हाच जोर २२ किलोवर येतो. लोखंड नको, रोज उचलून पाठ जाईल. घडीचा अ‍ॅल्युमिनियम घ्या. रुंदी खुर्चीपेक्षा १० सेंमी जास्त, दोन्ही कडांना ५ सेंमीची पट्टी, वर खरखरीत टेप (नुसती चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, पावसात घसरते). वर चढताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा खुर्चीचं तोंड गाडीकडे आणि तुम्ही उताराच्या बाजूला. फूटरेस्ट रॅम्पच्या खालच्या टोकाला टेकतं का, हे रिकाम्या खुर्चीने आधी बघा. १२ व्होल्टची छोटी विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावली तरी मागे माणूस हवाच.

पेठेतली अडचण वेगळीच. रॅम्प आणि खुर्ची मिळून गाडीमागे पावणेचार मीटर मोकळे लागतात. तुम्ही आत असताना मागे कोणी दुचाकी लावली की संपलं. ‘मागे गाडी लावू नका’ असं दारावर मोठ्या अक्षरांत लिहाच.

सर्वांत चुकीची गोष्ट पट्ट्याची. खुर्चीचे ब्रेक आणि एक पट्टा यांवर माणूस नेऊ नये. खुर्ची पुढे तोंड करून, चार बिंदूंना चार पट्टे : दोन पुढे, दोन मागे. हुक वेल्ड केलेल्या मुख्य सांगाड्यात. चाकात, हँडरेस्टमध्ये किंवा निघणाऱ्या फूटरेस्टमध्ये नाही. वडिलांना वेगळा तीन बिंदूंचा बेल्ट, कमरेचा पट्टा पोटावर नव्हे तर खुब्याच्या हाडावर, हँडरेस्टच्या आतून. अशा पट्ट्यांची चाचणी ताशी ४८ किमीच्या, २० जीच्या (म्हणजे वजनाच्या वीसपट जोराच्या) धडकेत होते. त्या धडकेत ७४ किलोचा माणूस बेल्टवर दीड टनाचा ओढा देतो. म्हणून फरशीच्या पातळ पत्र्यात स्क्रू मारलेला, पट्टे अडकवायचा रेल चालत नाही, पत्राच फाटतो. बोल्ट आरपार हवेत, खालून जाड पोलादी प्लेट, शक्य तिथे चॅसिसच्या आडव्या पट्टीतच. छिद्र पाडण्यापूर्वी गाडी लिफ्टवर घेऊन पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग कुठून जातं ते खडूने आखा. छिद्रांना प्रायमर आणि सीलंट लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज.

प्रश्न : सीट काढली तर आरटीओत कळवावं लागतं का?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : हो, आणि काम सुरू करण्याआधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. तुमची गाडी एमएच-१२ असेल तर संगम पुलाजवळचं कार्यालय. बदलाचा आराखडा आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र सोबत न्या. काम झाल्यावर आरसीत बदल नोंदवून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. हे राहिलं तर अपघातानंतर दाव्यावर हरकत येऊ शकते.