दूध जपून घाला

विज्ञान दिनाला पहिल्यांदाच ‘आकाश निळं का?’ दाखवताय ना, मग आधी एवढं ऐका: दूध जपून. पहिल्या वेळी मी चमचाभर ओतलं आणि पोरांना दिसला नुसता गढूळ पांढरेपणा. काचेच्या मोठ्या बरणीत पाणी घ्या, खोलीत चांगला अंधार करा आणि ड्रॉपरने एकेक थेंब टाकत ढवळत राहा. टॉर्च एका बाजूने मारा. झोताकडे आडवं पाहिलं की निळसर झाक दिसते. पलीकडून थेट टॉर्चकडे पाहिलं की तोच दिवा पिवळट, नारिंगीकडे झुकलेला. ही दुसरी बाजू दाखवायला बरेच जण विसरतात, आणि मावळतीचा सूर्य तर तिथेच आहे!

स्पष्टीकरणात ‘हवेतल्या धुळीमुळे’ म्हणू नका. धूळ वाढली की आकाश उलट पांढुरकं होतं. काम करतात ते हवेचे रेणू; बरणीत त्यांची जागा दुधाचे बारीक कण घेतात. अगदी बारीक कण कोणता रंग किती विखुरतात हे सांगणाऱ्या रॅलेच्या नियमानुसार ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० च्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो.

‘मग जांभळं का नाही?’ हा प्रश्न येणारच. सूर्यप्रकाशात जांभळा कमी, आणि आपले डोळेही त्याला कमी दाद देतात. ‘समुद्राचं प्रतिबिंब’ म्हणणाराही एखादा असतो. त्याला विचारा, मग सोलापूरचं आकाश निळं कसं? समुद्राचा निळा रंगही निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब नाही, हे १९२१ च्या बोटप्रवासानंतर रामन यांनीच दाखवलं होतं.